पाहुणीचा हौद

कासव भ्यालं की मान आत ओढून घेतं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. आमच्या हौदातली पाहुणी मान आत ओढत नाही, वळवते. अंगावर कुणाची सावली पडली की तिचं डोकं आधी बाजूला झुकतं, मग ती लांब मान पाठीच्या कवचाच्या कडेखाली आडवी जाऊन बसते आणि एक डोळा बाहेर उघडा राहतो. रातराणीत खिडकीशी बसलेला माणूस झोपेत मान खांद्यावर टाकतो, तशी. डोळा मात्र जागा असतो. सावली हलेपर्यंत तो माझ्यावरून ढळत नाही.

ती आफ्रिकेतली आहे. शास्त्रीय नाव पेलुसिओस सिनुएटस. पाठीची मागची कड दातेरी, पोटाचं कवच पिवळट, त्याच्या कडेनं काळ्या रंगाची ठसठशीत, कोनाकोनांची पट्टी. पोटाच्या कवचाचा पुढचा तुकडा बिजागरीवर हलतो. फारच घाबरली तर तो वर उचलते आणि पुढचं दार लावून घेते. पेलुसिओस गणातली ही सगळ्यांत मोठी जात. मादी नरापेक्षा थोराड होते आणि तिची पाठ अर्ध्या मीटरच्या जवळपास जाऊ शकते. आमची अजून सव्वा फुटावर आहे. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या नद्यांत, झांबेझी-लिंपोपोच्या पाण्यात, टांगानिका आणि मलावी या मोठ्या सरोवरांत तिचे भाऊबंद राहतात. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात लोअर साबीजवळ सनसेट डॅम नावाचं तळं आहे. तिथं ही कासवं पाणघोड्यांच्या पाठीवर चढून ऊन खात बसतात. एका पाणघोड्यावर ओळीनं बसलेली कासवं मी फोटोत पाहिली आहेत. आमच्या पाहुणीला पाणघोडा कुठला मिळायला? तिच्यासाठी गड्यानं शेतातला एक काळा दगड उचलून हौदात ठेवला. ती त्यावर चढते आणि चारही पाय ताणून पडून राहते.

देवगाव फाटा म्हणजे जिंतूर-जालना रस्त्याला सेलूचा रस्ता मिळतो ती जागा. इथं माणसं उतरतात ती पुढची गाडी धरायला. चहाची हॉटेलं, पंक्चरवाले, खतांची दुकानं, ऊस आणि कापूस भरून चाललेल्या गाड्या. कुणी इथं मुक्कामाला येत नाही. आमचा आखाडा, म्हणजे शेतावरचं घर, फाट्यापासून थोडा आत, काळ्या रानात आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर, रबीत हरभरा आणि ज्वारी. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गावातलं घर सोडून इथंच राहायला आले. सगळं घडलं ते त्यानंतर.

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. कॉलेजात असताना त्यानं एका दुकानातून तळहाताएवढं कासव आणलं होतं. दुकानदारानं सांगितलं होतं, हे एवढंच राहतं. हे कासव एवढंच राहत नाही. आधी काचेची छोटी पेटी, मग मोठी पेटी, मग बाल्कनीतला प्लॅस्टिकचा टब, असं करत दहाएक वर्षं गेली. त्याचं लग्न झालं, घरात बाळ आलं आणि कासवाला जागा उरली नाही. एके दिवशी त्याचा फोन आला, "मावशी, तुमच्या विहिरीत सोडून देऊ का गं? तुमच्याकडं विहिरीत कासव असतंच ना?"

तो खोटं बोलत नव्हता. आमच्या विहिरीत कासव असायचंच. मराठवाड्यातल्या कितीतरी विहिरींत असायचं. विहीर बांधून झाली, पाणी लागलं, की नारळ फोडायचा आणि नदीतनं एखादं कासव आणून सोडायचं. कासव असलं की पाणी घाण होत नाही, किडे-बेडूक खाऊन ते पाणी निर्मळ ठेवतं, विहीर आटत नाही, अशी श्रद्धा. ते कासव म्हणजे आपल्याकडचं मऊ पाठीचं, पाण्यातलं. त्याच्या पोटाच्या मागच्या बाजूला कातडीच्या दोन झडपा असतात. पाय आत घेतले की त्या झडपा मिटतात. शास्त्रज्ञ त्याला लिसेमिस पंक्टाटा म्हणतात. दुधना, पूर्णा या नद्यांच्या डोहांत, कालव्यांत, पाझर तलावांत ते अजूनही आहे.

सासूबाई एक हकिगत पुन्हा पुन्हा सांगायच्या. 1972 च्या दुष्काळात विहीर कोरडी पडली. सासरे आणि त्यांचे भाऊ गाळ काढायला खाली उतरले. फावडं कशाला तरी अडलं. वाटलं दगड आहे. हातानं चिखल बाजूला केला तर कासव! डोळे मिटलेले, अंगावर चिखलाचा थर वाळलेला, पण जिवंत. सासऱ्यांनी ते टोपलीत घालून वर पाठवलं आणि घरातल्या पिण्याच्या पाण्यातला एक तांब्या त्याच्यावर ओतला गेला. त्या दिवसांत एक तांब्या म्हणजे काय, हे सासूबाईंच्या आवाजावरून कळायचं. पाणी आटलं की हे कासव चिखलात स्वतःला पुरून घेतं आणि पाऊस येईपर्यंत अन्नपाण्यावाचून पडून राहतं. आफ्रिकेत पेलोमेडुसा नावाचं पाहुणीचं चुलत कासव आहे, तेही अगदी हेच करतं. तळं सुकलं की चिखलात जातं. दुष्काळ सहन करायची ही रीत दोन खंडांवरच्या दोन वेगळ्या घराण्यांनी आपापली शोधून काढली. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला या गोष्टीचं अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही.

सासऱ्यांच्या त्या तांब्याभर पाण्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. पण विहिरीत कासव सोडणं मला आता पटत नाही. आमची विहीर परसातून वाकून बघा. वरचा मुरमाचा थर सिमेंटच्या कड्यांनी बांधलेला, खाली सरळ तासलेला खडक. पाण्यातून वर यायला उतार नाही, ऊन खायला एक वीतभर कोरडी जागा नाही, अंडी घालायला माती नाही. मोटेच्या जुन्या विहिरींना निदान पायऱ्या तरी असत. कासवाला ऊन लागतं, ते अंगाला ऊब यावी म्हणून, कवच धड राहावं म्हणून, अंगावरची बुरशी सुकावी म्हणून. भर दुपारी घटकाभर उन्हाची तिरीप तळाशी जाते, तेवढ्यावर एक जीव वीस-तीस वर्षं काढतो, तेही एकटा. आपण त्याला विहिरीचं दैवत म्हणत आलो. त्या दैवताला जोडीदार भेटला नाही, त्याची एक पिढी पुढं गेली नाही.

शिवाय आता कायदाही तेच सांगतो. हे मऊ पाठीचं कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ते धरणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी तीन ते सात वर्षांची कैद आणि कमीत कमी 25 हजार रुपये दंड आहे. गावात कुणाला हे सांगितलं तर आधी खरं वाटत नाही. पण सांगत राहावं लागतं.

आणि परदेशी कासव विहिरीत सोडणं हे तर आणखी वाईट. विहीर भरून वाहते, ओढ्याला पूर येतो, कासव चालतं. आज विहिरीत, उद्या दुधनेत. लाल कानाचं अमेरिकी कासव देशभर असंच पसरलं. दुकानात रुपयाएवढं दिसतं, वास्तूसाठी शुभ म्हणून घरी येतं, मोठं झालं की तळ्यात जातं आणि तिथल्या गावठी कासवांच्या तोंडचा घास खातं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. त्यात कासवाचा काय दोष? त्याला कुणी विचारून आणलं नव्हतं.

म्हणून भाच्याला मी म्हणाले, "विहिरीत नाही. नदीत तर नाहीच. परदेशी प्राण्यांच्या नोंदीचे 2024 मध्ये नवे नियम आलेत, त्यात तुझं कासव बसतं का, ते वनखात्यात विचार. जो कागद लागेल तो कर. मग घेऊन ये, मी हौद बांधते."

हौद बांधायला गवंडी आला तेव्हा त्याला माप सांगताना मलाच नीट कळलं की आपण काय अंगावर घेतोय. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, पाणी अडीच फूट. एका टोकाला पाण्यातून वर येणारा उतार, खरखरीत, पाय घसरू नये असा. उताराच्या वर वाळूचा चौक, फूटभर खोल. वर अर्ध्या भागावर गवताचं छप्पर, अर्धा भाग उघडा. भोवती कंबरेएवढी भिंत, कारण हे कासव चढतं आणि मुंगसं-कुत्री आत येऊ नयेत. गवंड्यानं विचारलं, "बाई, म्हैस पाळायची का?" मी म्हटलं, म्हशीचं बरं असतं, तिला काय हवं ते ती ओरडून सांगते.

पाहुणी हे नाव गड्याच्या बायकोनं दिलं. गाडीतून टब उतरवला, तिनं आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "आगं माय, पाहुणी लांबून आली." तेव्हापासून तेच.

पहिल्या महिन्यांत तिनं माझ्याशी एकाच भाषेत व्यवहार केला, वासाच्या. या कासवांच्या अंगात ग्रंथी असतात. धरलं, उचललं, घाबरवलं की त्यांतून उग्र दर्प सुटतो. हातावरून तो साबणानंही लवकर जात नाही. मी उचलणंच बंद केलं. आता तिला बाहेर काढायचं असेल तरच दोन्ही हात मागच्या पायांच्या पुढं घालून धरते, नाहीतर नाही. कासव हे मांडीवर घ्यायचं जनावर नाही. लहान मुलांना तर मी हौदात हातही घालू देत नाही. कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जिवाणू असतात. लहान मुलं त्यांनी आजारी पडतात म्हणून अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. हौदाशी नळ आणि साबण आहे. नातू येतो तेव्हा आधी तोंड वर करून मला हात दाखवतो.

खाण्याचं म्हणाल तर ती सगळं खाते, पण सगळं घालायचं नसतं. गांडुळं, छोटे मासे, बाजारातल्या कोरड्या गोळ्या, कधी पपईची फोड. विहिरीवरच्या उंबराचं पिकलेलं फळ वाऱ्यानं हौदात पडलं तर ते जबड्यात धरून पुढच्या पायाच्या नखांनी फाडते. ते बघण्यासारखं असतं. मान सरळ पुढं येते, तोंड उघडतं, पाण्यासकट घास आत ओढला जातो आणि मग दोन्ही पंजे आळीपाळीनं तोंडाशी जातात. गोगलगायी तिला फार आवडतात. 2022 च्या खरिपात शंखी गोगलगायींनी मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली, शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, ते आठवत असेल. पाहुणी आल्यावर मला शेजाऱ्यानं पोतंभर तसल्याच गोगलगायी आणून दिल्या, घाला म्हणाला तुमच्या कासवाला. मी घातल्या नाहीत. धुऱ्याधुऱ्यानं लोकांनी मेटाल्डिहाइडचं विषारी आमिष टाकलेलं होतं. ते खाल्लेली गोगलगाय पाहुणीनं खाल्ली असती तर? तेव्हापासून मी एका जुन्या माठात थोड्या गोगलगायी वेगळ्या वाढवते, पालकाच्या देठांवर, अंड्याच्या टरफलांचा चुरा घालून. टरफलातला चुना गोगलगायीच्या शंखात जातो, शंखातला पाहुणीच्या कवचात.

आमच्याकडं उन्हाळा तिला सोसतो. पाणी तापू नये म्हणून छप्पर आहे, हौद निम्मा जमिनीत आहे. खरी काळजी हिवाळ्याची. परभणीची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा एक आकड्यावर आला की पेपरात बातमी येते. पाहुणीच्या नद्यांचं पाणी उबदार असतं. तिला पंचविसाच्या पुढंमागं लागतं. दिवाळी झाली की ती हौदातून गोठ्याच्या शेजारच्या खोलीत, मोठ्या टाकीत येते. पाण्यात हीटर, टाकीवर दिवा. वीज गेली तर इन्व्हर्टर. इन्व्हर्टर उतरला तर चुलीवर पाणी तापवून बादली-बादली ओतायचं, हात घालून अंदाज घ्यायचा. अशा एखाद्या रात्री, बाहेर हरभऱ्यावर दव पडत असताना, मी स्वतःला विचारलं आहे की हे आपण कशासाठी करतो. उत्तर फार मोठं नाही. तिला इथं आणलं माणसानं. परत नेता येत नाही. मग तिच्या नदीचा जेवढा भाग बादलीत मावेल तेवढा तिला द्यायचा.

एक गोष्ट मला तिच्यामुळंच कळली, आणि ती कळल्यावर मी कितीतरी दिवस त्याच विचारात होते. मान वळवणाऱ्या कासवांचं घराणं आणि मान आत ओढणाऱ्यांचं घराणं निदान 15 कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं. आज भारतात मान वळवणारं एकही कासव रानात सापडत नाही. ती आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडं. मला वाटलं होतं, पाहुणी इथं सर्वस्वी परकी. मग वाचनात आलं की हेन्री कार्टर नावाच्या डॉक्टरनं 1852 मध्येच मुंबईच्या जीवाश्म कासवाचं वर्णन केलं होतं. वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या थरांच्या मध्ये अडकलेल्या गाळात ते सापडलं होतं. ते मान वळवणारं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरांच्या हाडांशेजारी तसंच कासव मिळालं, एस. एल. जैन यांनी 1977 मध्ये ते जगापुढं मांडलं. जवळच्या डोंगरगावातही तसे अवशेष निघाले. आणि मुंबईच्याच अंबोलीच्या खाणीतल्या एका कवटीवरून 2003 मध्ये संशोधकांनी नवा गण सांगितला, संकुचेमिस. त्याची जवळची नातलग मादागास्करच्या खडकात सापडली.

हे कसं झालं? भारताचा तुकडा आधी आफ्रिका आणि मादागास्कर यांना चिकटलेला होता. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी तो मादागास्करपासून सुटला आणि आपली कासवं, बेडूक, डायनासोर पाठीवर घेऊन उत्तरेकडं निघाला. वाटेत, साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास, जमीन फाटली आणि लाव्हाचे लोट वाहू लागले. एक थर थंड व्हायचा, त्यावर पाऊस पडायचा, तळी साचायची, तळ्यांत कासवं यायची, मग पुढचा लोट. तो सगळा थिजलेला लाव्हा म्हणजे आपला दख्खन. आमच्या विहिरीचा काळा पाषाण तोच. पाहुणी ज्या दगडावर ऊन खाते तो गड्यानं त्याच रानातून उचललेला. तो दगड वितळलेला होता तेव्हा तिच्या घराण्यातल्या थोरल्या पाती या भूमीवर पोहत होत्या. आपली माणसं इथं यायला अजून कोट्यवधी वर्षं होती. आमच्याकडच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं, यावरून भाऊ-भाऊ तालुक्याला खेटे घालतात. हौदाच्या कडेला बसून मी या दुसऱ्या वहिवाटीचा विचार करते तेव्हा मला मनापासून हात जोडावेसे वाटतात.

ती घराणी इथून संपली. पाहुणी त्यांची थेट वारस नाही, दूरची भाऊबंद आहे. म्हणून तिचं इथल्या पाण्यावर काही हक्काचं येणं निघतं, असं मी म्हणणार नाही. आज दुधना-पूर्णेत, गोदावरीत ज्यांचं घर आहे ती मऊ पाठीची कासवं वेगळी. त्यांतलं एक फार मोठं होतं, गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांतलं, निल्सोनिया लीथी. वाळूउपसा, जाळी आणि मांसासाठी शिकार यांनी ते कोंडीत सापडलंय. वाळूचे ट्रॅक्टर रात्री फाट्यावरून जातात तेव्हा मला त्या कासवांची अंडी आठवतात, कारण नदीकाठची वाळू हेच त्यांचं बाळंतघर. ज्याला कासवाचा लळा आहे त्यानं आधी त्या वाळूसाठी बोलायला हवं. पाळणं त्यानंतरचं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास पाहुणीनं खाणं सोडलं. मी घाबरले. दिवसभर ती उतारावरून वर-खाली करत होती, वाळू हुंगत होती. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, वाळू ओली करून ठेवा आणि लांब बसा. रात्री बॅटरीवर कापड गुंडाळून मी भिंतीआडून बघत राहिले. मागच्या पायांनी ती खड्डा करत होती. एक पाय आत जायचा, पंजा वळायचा, मूठभर वाळू उचलून बाजूला टाकायची, मग दुसरा पाय. डोळ्यांनी ती खड्ड्याकडं एकदाही बघत नव्हती, सगळं पायांना ठाऊक होतं. मग अंडी पडली. लांबट, पांढरी, कवच मऊसर. प्रत्येक अंड्यानंतर मागचा पाय खाली जाऊन ते हळूच सरकवायचा. शेवटी तिनं वाळू ओढली, पोटानं दाबली आणि वळून न पाहता पाण्यात उतरली.

अंडी फळणारी नव्हती, नर नाही तिच्या जोडीला. मला ते माहीत होतं. वाळू मिळाली नसती तर अंडी पोटातच अडकून ती मेलीही असती, हेही डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पुण्याच्या बाल्कनीतल्या टबात वाळू नव्हती.

आपल्या संतांनी कासवीचा दृष्टांत पुष्कळ दिलाय. ती पिलांना पान्हा पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, पलीकडच्या तीरावरून नुसत्या नजरेनं त्यांना पोसते. देवाची दया तशी. गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा आहे, ती अवयव आवरण्याची. लहानपणापासून कीर्तनांत मी हे ऐकत आले. त्या रात्री मी खरी कासवी पाहिली. तिनं नजर टाकली नाही. तिनं खड्डा नीट खणला, प्रत्येक अंडं हळू ठेवलं, वाळू घट्ट केली. तिचं आईपण तेवढ्यात होतं आणि ते पुरेसं होतं, कोट्यवधी वर्षं पुरलेलं. तरी दृष्टांत मला खोटा वाटला नाही. नजरेनं पोसायचं काम असतंच, फक्त ते माझ्याकडं आलंय. सकाळी हौदावर गेले की मी आधी बघते. डोळे स्वच्छ आहेत का, सुजलेत का. नाकाशी बुडबुडा येतो का. पोहताना एका बाजूला कलते का, कारण ते फुप्फुसाच्या आजाराचं लक्षण असतं. कवचावर मऊ डाग आहे का. मग पाणी, मग खाणं. हौदाचं बदललेलं पाणी पाटानं लिंबाच्या झाडांना जातं, ती झाडं भरून लागली आहेत.

ती मला ओळखते का, असं लोक विचारतात. पावलांचा आवाज आला की ती दगडावरून उतरून या टोकाला येते. गड्यासाठी येत नाही, कारण खायला तो घालत नाही. याला ओळख म्हणायची असेल तर म्हणावी. प्रेम म्हणवत नाही. मला त्यात उणं काही वाटत नाही. माझ्याकडून तिला जे लागतं ते मिळालं, की ती मान वळवून आपल्या नादाला लागते, आणि मी तिच्याकडं बघत बसते.

प्रश्न पुढचा आहे. हे कासव तीस-चाळीस वर्षं जगतं. मी साठी ओलांडली आहे. तिची मात्र निम्मी हयात अजून पुढं आहे. मुलगा छत्रपती संभाजीनगरला असतो. त्याला मी सरळ विचारलं. तो लगेच हो म्हणाला नाही, ते मला बरं वाटलं. त्यानं हौदाची मापं घेतली, विजेचं बिल पाहिलं, हिवाळ्यातलं सगळं काम एकदा माझ्याबरोबर केलं आणि मग म्हणाला, "आई, मी घेईन. पण गडी बदलला तर त्यालाही कळलं पाहिजे, लिहून ठेव." मी गोठ्याशेजारच्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय. पाण्याची ऊब किती, खाणं काय, काय द्यायचं नाही, कधी आत आणायचं, डॉक्टरांचा नंबर. खाली ठळक अक्षरात, विहिरीत किंवा नदीत सोडू नये.

परवा भाच्याचा फोन आला. त्याच्या मित्राकडं लाल कानाची दोन कासवं आहेत, पेटीत मावत नाहीत. "मावशी, तुझ्याकडं हौद आहेच ना, त्यातच राहतील की." मी नाही म्हटलं. पाहुणीच्या हौदात दुसरी जात घालायची नाही. एकाचा आजार दुसऱ्याला लागतो, आणि ती दुसऱ्याला चावेलही. मित्राला फोनवर घ्यायला सांगितलं. तो बिचारा हळू आवाजात म्हणाला, "मग काय करू?" मी त्याला माप सांगितलं. लांबी, रुंदी, पाण्याची खोली, उतार, वाळूचा चौक, उन्हाची जागा, थंडीतली सोय, भिंतीची उंची. तो मध्ये थांबवून पुन्हा विचारत होता, वाळू किती खोल म्हणालात? लिहून घेत होता. इमारतीच्या गच्चीवर तेवढं वजन चालतं का, हे सोसायटीच्या इंजिनिअरला विचारून कळवतो म्हणाला. रविवारपर्यंत वाट बघते, नाहीतर मीच फोन करेन.